सांडव्यावरची पोती

छत्रपती संभाजीनगरला आठ दिवस राहून आले, पण वेरूळ पाहिलं नाही. मकबरा रिक्षातून जाताना घुमटापुरता दिसला आणि पैठणीच्या दुकानाची पायरीसुद्धा चढले नाही. परत आल्यापासून राजापुरात जो भेटतो तो विचारतो, काय काय बघितलंत? मी सांगते, युरियाची रिकामी पोती बघितली, मुरूम भरलेली. लोक हसतात. त्यांना वाटतं, दुकानदारीण बाई, जाईल तिथं हिला पोतीच दिसणार. म्हणून हे लिहायला घेतलं. शिवाय डोक्यातला राग कुठंतरी उतरवायला हवा, नाहीतर तो गिऱ्हाइकांवर निघतो.

पुंडलिकनगर, मंगळवार

माझी मुलगी मुग्धा तिथं एका दवाखान्यात रक्त तपासायचं काम करते. दोन वर्षांपूर्वी तिनं तिथल्याच दत्ताशी लग्न केलं. दत्ता वाळूजला कंपनीत आहे आणि त्याचे आईवडील पडेगावच्या पुढं एका गावात मेंढरं राखतात. लग्न आमच्याकडे झालं, त्यामुळे व्याह्यांचं घर मी पाहिलेलं नव्हतं. दसरा झाल्यावर त्यांचा निरोप आला, की गावचा पाझर तलाव कधी नव्हे तो काठोकाठ भरलाय, त्याचं जलपूजन करायचंय, आणि तलावाची ओटी कोकणातल्या विहीणबाईंच्या हातानं भरायची असं गावानं ठरवलंय. का, तर मी पावसाच्या मुलखातली, माझा हातगुण चांगला असणार. मान कुणाला नको असतो? दुकान भावजयीवर सोपवलं आणि निघाले.

मुकुंदवाडीच्या लहानशा स्टेशनात उतरले तेव्हा दुपारचे चार वाजले होते आणि विजा इतक्या जवळ पडत होत्या की फलाटावरची कुत्री बाकाखाली शिरली होती. रिक्षावाल्यानं आधी माझ्याकडे बघितलं, मग माझ्या पिशवीतल्या ओल्या नारळांकडे. "बैठो अम्मा. रोज का है ये. चार दिन से इसीच टाइम कू आता, घंटाभर बरसता, चले जाता. नक्को डरो." रस्त्यावरचं पाणी रिक्षाच्या तळाला लागत होतं. मी भीत नव्हते, मी चिडले होते. राजापुरात आमच्या जवाहर चौकात नदीचं पाणी येतं तेव्हा अर्ध्या तासात अख्ख्या बाजाराचा माल माळ्यावर चढलेला असतो. कुणी कुणाला सांगत नाही. इथं गुडघाभर पाण्यात एक माणूस दुकानाच्या पायरीवर बसून वडापाव खात होता आणि त्याची तांदळाची थप्पी जमिनीवर.

मुग्धाच्या गल्लीत पोचले तर शेजारच्या बाई गॅलरीतून पावसाचा व्हिडिओ काढत होत्या. मी पदर पिळत म्हटलं, "मेला हा पाऊस, जाता जात नाही." बाईंचा चेहराच उतरला. "काकू, असं नका म्हणू. आमच्याकडं पावसाला नावं ठेवत नसतेत." मुलीच्या घरात शिरले तर गॅलरीत, मोरीत, अगदी देवघराखालीसुद्धा पाण्याचे ड्रम. बाहेर गल्लीत ओढा वाहत होता आणि आत मुग्धा मला सांगत होती, "आई, हात धुतलेलं पाणी सांडू नको, बादलीत टाक. नळ कधी येईल सांगता येत नाही." हे मला झेपेना. संध्याकाळी जावईबापूंनी नान-खलिया आणला, म्हणजे तिथला मटणाचा रस्सा आणि नान. मासे खाणाऱ्या जिभेला ते जड जाईल असं वाटलं होतं, पण मी दोन नान जास्तच खाल्ले.

पडेगावच्या पुढं, बुधवार

गावाचं नाव लिहीत नाही, उगाच भांडण नको. पडेगाव सोडलं आणि देवगिरीचा डोंगर समोर आला की एक कच्चा रस्ता आत जातो. दत्तानं मोटरसायकलवरून सोडलं आणि कंपनीत दुपारची पाळी होती म्हणून तसाच परत फिरला. शेवटची अर्धी वाट चालत होती. काळी माती काय असते हे मला त्या अर्ध्या वाटेनं शिकवलं. दहा पावलांत चपलेचं वजन शेरभर झालं, वीस पावलांत उजवी चप्पल मातीनं ठेवून घेतली, ती मला शेवटपर्यंत मिळाली नाही. मी एक पाय अनवाणी अशी व्याह्यांच्या दारात उभी राहिले.

ठकूबाई, म्हणजे माझ्या विहीणबाई, दारातच होत्या. पन्नाशीच्या पुढच्या, काटक, डावा पाय ओढत चालणाऱ्या. त्यांनी माझ्या पायाकडे बघितलं आणि आत जाऊन स्वतःची चप्पल आणून ठेवली. "घाला ईनबाई. मला नाय लागत." बाजरीची भाकरी, येसराची आमटी, शेंगदाण्याची चटणी असं जेवण झालं. येसर म्हणजे धान्यं आणि मसाले भाजून दळलेलं पीठ, त्याची आमटी भुरकून प्यायची. आमच्या कुळथाच्या पिठीची ती मावसबहीण म्हणायला हरकत नाही, पण ठसका जास्त.

घर नाल्याच्या काठी. नाल्याच्या कडेनं अशी आणखी आठ-दहा घरं, सगळी मेंढपाळांची, तिला वाडी म्हणतात. मूळ गाव वर, टेकाडावर. आणि गावाच्या बाजूला, वाडीच्या बरोबर डोक्यावर, तलावाचा मातीचा बांध. दारात उभं राहून मान वर केली की बांध दिसतो. पाणी दिसत नाही. बांधाच्या पलीकडे ते आपल्या डोक्यापेक्षा उंच आहे हे विसरायला होतं, आणि वाडी ते विसरलीच होती.

खंडूआबा, म्हणजे व्याही, मेंढरं घेऊन आले. मेंढरं कोंडायला सुतळीची जाळी असते, तिला वाघूर म्हणतात. ती चार खुंट्यांवर ताणतात. जागा बदलायची म्हणून आबांनी एक खुंटी उपटली. खुंटीच्या भोकात पाणी वर आलं, बघता बघता काठोकाठ. दुसरी उपटली, तेच. मी विचारलं, "हे काय?"

"जिमिनीचं प्वाट भरलंय," आबा कौतुकानं म्हणाले. "लई वर्सांनी."

आमच्याकडे जांभ्या दगडाची जमीन. पडलं ते झिरपलं नाहीतर वाहून गेलं. ही माती तशी नाही. ती आधी पिते, फुगते, आणि एकदा तिचं पिऊन झालं की पुढचा थेंब घेत नाही. मग वरून जे पडेल ते सगळंच्या सगळं वाहणार. हे कळायला शाळा लागत नाही, ते खुंटीचं भोक पुरे. आणि आभाळ रोज चारच्या ठोक्याला गडगडत होतं.

गुरुवार

सकाळी जलपूजन. सनई, मंडप, शाळेची मुलं, दोन ढोल. मला नवी साडी नेसवली, बांधावर पुढं उभं केलं. सूप हातात दिलं. त्यात खण, नारळ, तांदूळ, बांगड्या. आयाबाया हात जोडून उभ्या. एका म्हातारीच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, तिनं म्हणे जन्मात एवढा तलाव पाहिला नव्हता. मीही विरघळले, खोटं कशाला सांगू. ओटी सोडली, कुंकू वाहिलं, आणि मान वर केली तेव्हा ती पोती दिसली.

तलाव भरला की जास्तीचं पाणी आपलं आपण निघून जावं म्हणून बांधाच्या एका टोकाला सखल दगडी वाट ठेवलेली असते, तो सांडवा. त्या सांडव्यावर युरियाच्या पोत्यांत मुरूम भरून तीन थरांची भिंत रचली होती. पोत्यांना झेंडूच्या माळा घातल्या होत्या. पाणी वरच्या थराला टेकलं होतं.

मी शेजारच्या गृहस्थांना विचारलं. ते सरपंचबाईंचे यजमान. सरपंचबाई मंडपात पानं वाटत होत्या, कारभार हे बघतात. बांधाच्या वरच्या अंगाला त्यांची मोसंबीची बाग. ते हसून म्हणाले, "ताई, ती आपली आयडिया. सांडव्यातून खामखा पानी वाया जातंय. तीन थर लावले, तर उन्हाळ्यापस्तोर विहिरी हालत नाय."

"आणि जास्त झालं तर?"

"जास्त?" त्यांना तो शब्द कळलाच नाही. "आमच्यात पानी जास्त व्हत नसतंय, ताई."

पोती कुणी भरली? सगळ्या गावानं. आणि वाडीनंही. खंडूआबांनी स्वतःच्या पाठीवर वाहून नेलेली. मी आबांना एका बाजूला घेऊन म्हटलं, "अहो, हे तुमच्याच डोक्यावर आहे. तो वरचा थर आज काढा." आबा इतके दुखावले की मला माझीच लाज वाटली. ते म्हणाले, "ईनबाई, तुमच्याकडं असंल चाल. आमच्यात पान्याला ये म्हनत्यात. जा म्हनत नाय. पाहुना उठला तरी आमी त्याला जा म्हनत नाय, आन् ही तर लक्षुमी."

दुपारी पुरणपोळ्या झाल्या. चार वाजता पाऊस आला. बाया अंगणात जाऊन त्याच्या पाया पडल्या.

शुक्रवार

सकाळी उठले ती थेट बांधावर गेले. ठकूबाई मागून आल्या, पाय ओढत. बांधाच्या माथ्यावरून बैलगाड्या, ट्रॅक्टर जाऊन जाऊन मधोमध एक खोलगट जागा झाली आहे. पाणी तिथं एक वीत खाली होतं. एक वीत. बांधाच्या खालच्या अंगाला, वाडीच्या बाजूला, गवतातून पाणी पाझरत होतं. ठकूबाई म्हणाल्या, "ते रोजच असतंय. नितळ हाय, मी तिथंच भांडी घासते." मी वाकून ओंजळीत घेतलं. नितळ होतं.

तिथून मी तशीच टेकाडावर गेले. सरपंचबाईंचे यजमान ओट्यावर दात घासत होते. मी खोलगट जागा सांगितली, वीत सांगितली. त्यांनी तोंड धुतलं, फोन काढला आणि मला हवामानाचा इशारा दाखवला. "यलो हाय ताई. रेड न्हाय. मी ग्रुपवर टाकला." मी म्हटलं, "ग्रुपवर टाकून पाणी उतरतं का?" तर त्यांनी माझ्यासमोर कुठल्याशा साहेबांना स्पीकरवर फोन लावला. साहेब म्हणाले, काही नुकसान झालं तर कळवा, पंचनाम्याला माणूस पाठवतो. पुन्हा सांगते, झालं तर कळवा. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी त्या फोनमध्येच म्हटलं, "साहेब, वाहून गेलेल्या माणसांनी कुठल्या नंबरवर कळवायचं?" फोन बंद झाला.

खाली आले तर मुग्धाचा फोन. बातमी पोचली होती. "आई, तू पाहुणी आहेस. मुलीकडची आहेस. सासरच्या गावात भांडतेस, मला इथं नांदायचंय. गप्प बस ना जरा." आता याला काय म्हणायचं? मुलीच्या आईनं तोंड वर करून बोलायचं नाही ही रीत कोकणात आहे, घाटावर आहे, मराठवाड्यातही आहे. एवढ्या एका बाबतीत सगळा महाराष्ट्र एक आहे. मी तिला म्हटलं, "तू नांद. तुझी सासू जगली तर नांदशील." आणि फोन ठेवला. नंतर वाईट वाटलं, पण नंतर.

दुपारचे दोन. खंडूआबा मेंढरं घेऊन डोंगराकडे गेलेले. गावातली कर्ती माणसं शेजारच्या गावी आठवडी बाजाराला गेलेली. वाडीत बाया, म्हातारी माणसं आणि घरी ठेवलेली लहान कोकरं. उकाडा असा की भाकरी करपल्याचा वास तिथल्या तिथं थांबला होता. डोंगराच्या मागून ढग वर यायला लागले, खालून काळे, वरून पांढरे. रोज चारला येणारा आज तीनच्या आधीच निघाला होता.

ठकूबाई भांडी घेऊन बांधाच्या पायथ्याला गेल्या आणि लगेच परत आल्या. भांडी तशीच खरकटी. त्या खाली बसल्या. मी म्हटलं, "काय झालं?"

"गढूळ झालंय," त्या म्हणाल्या.

मी सकाळपासून घसा फोडून सांगत होते त्याचा काडीचा उपयोग झाला नव्हता. त्या बाईला रोजच्या भांडी घासायच्या पाण्यानं सांगितलं. सकाळी नितळ येणारं पाणी आता माती घेऊन येत होतं, म्हणजे बांधाच्या पोटातली माती निघायला लागली होती. मी उठले. त्या उठल्या नाहीत.

"ईनबाई, तुमास्नी काय सांगू," त्या म्हणाल्या. "ह्यो पाय बगितला? आडात उतरत हुते. घागर भरायला. आडाला पानी न्हवतं, वाटीनं भरत हुते. वरची पायरी निसटली. दत्ता पोटात हुता. तवापून दर उनाळ्याला ह्या पायानं टँकरमागं पळले. आन् आता मी पानी सोडू?"

माझ्या घरामागे बारमाही विहीर आहे. मी कोण सांगणारी? पण मला राग आला होता, आणि तो त्यांच्यावर नव्हता. जिनं पाण्यासाठी पाय मोडला तिलाच आज तेच पाणी घालवायला लावणारे सगळे बाजाराला गेले होते. मी एवढंच म्हटलं, "विहीणबाई, मी सोडते. मला कुठं इथं राहायचंय? तुम्ही नुसती वाट दाखवा."

त्यांनी एकदा ढगाकडे बघितलं. मग उठल्या आणि पदर खोचला. "तुमाला जमायचं नाय," म्हणाल्या. "तुमी कोकरं काढा."

कोकरं, दोन म्हाताऱ्या, चार पोरं, एक बाळंतीण आणि तिचं बाळ, सगळ्यांना टेकाडावरच्या शाळेच्या व्हरांड्यात घातलं. निम्म्या बाया हलायला तयार नव्हत्या. एकीनं मला तोंडावर सांगितलं, "कोकणातल्या बाईला पावसाचं लई भ्या." मी तिचं पोर कडेवर उचललं आणि चालायला लागले, मग ती मागून शिव्या देत आली, आणि तिच्या मागून बाकीच्याही. तेवढंच हवं होतं.

सांडव्यापाशी गेले तेव्हा ठकूबाईंनी वाघुरीचा दोर कमरेला बांधला होता आणि दुसरं टोक बाभळीला. हातात विळा. पहिले थेंब पडायला लागले. त्या काठावर बसून पोत्यांना हात लावायच्या आधी थांबल्या. कालच्या माळेतलं एक झेंडूचं फूल उचलून त्यांनी पाण्यावर टाकलं. "तीस वर्सं ये ये म्हनून बोलावलं तुला," त्या म्हणाल्या. "आता जा माय."

त्यांनी कडेचं वरचं पोतं फाडलं. मुरूम भसाभसा गळला. दुसरं फाडलं. मी त्यांच्या मागं दोर धरून बाभळीला पाठ लावून बसले होते. तिसऱ्या पोत्यापासून विळ्याची गरज उरली नाही, पाणीच पोती काढायला लागलं. ठकूबाईंचा पाय घसरला आणि त्या कमरेपर्यंत आत गेल्या. दोर माझ्या तळव्यातून सरकला, सालटं निघाली, पण बाभळीनं धरलं. मी त्यांना ओढून काढलं तेव्हा दोघीही चिखलात बसून राहिलो आणि पाणी आमच्या शेजारून नाल्यात उड्या मारत गेलं. खाली वाघूर गेली, कोंबड्यांचं खुराडं गेलं.

मग पाऊस आला. आमच्याकडे पाऊस चार महिने पडतो, पण असा एका जागी उभा राहून ओतताना मी पाहिलेला नाही. जमिनीनं एक थेंब घेतला नाही. शेतांतून, वाटांवरून, टेकाडाच्या पायऱ्यांवरून सगळं पाणी तलावाकडे धावत होतं. शाळा बांधाला लागूनच, तिच्या व्हरांड्यातून आम्ही बांधावरची ती खोलगट जागा बघत होतो. मघाशी पोती काढल्यावर पाणी हातभर उतरलं होतं. ते पुन्हा चढलं. खोलगट जागेच्या खाली बोटभर राहिलं. सांडवा भरून वाहत होता, तरी बोटभरच. मघाशी शिव्या देणारी बाई माझ्या दंडाला धरून उभी होती आणि तिची नखं रुतत होती. ठकूबाईंच्या घरात पाणी शिरताना दिसलं. उंबऱ्यावरून आत गेलं, कणगीतली बाजरी गेली म्हणायची. पण बांध उभा राहिला. पाऊस थांबल्यावर पाणी हळूहळू उतरायला लागलं.

शनिवार

आता खरं सांगायचं ते. बांध फुटला असता तर सगळ्यांनी टाहो फोडला असता, मंत्री आले असते. बांध फुटला नाही, म्हणून आमचा न्याय झाला. मारुतीच्या पारावर माणसं जमली. सरपंचबाईंचे यजमान म्हणाले, "बांध मजबूत हुता, सबर करायला पाहिजे हुती. दोन बायांनी गावाचं पानी घालवलं." मी खोलगट जागा सांगितली, गढूळ पाणी सांगितलं, बोटभर अंतर सांगितलं. पालथ्या घड्यावर पाणी. एकजण म्हणाला, "पन फुटला तर नाय ना?" अहो, फुटला नाही कारण काढलं, हे मी चार वेळा म्हटलं. शिव्या देणारी बाई गर्दीच्या मागं उभी होती. माझी नजर तिच्यावर पडली तशी तिनं तोंड फिरवलं. तिच्या नखांचे वण माझ्या दंडावर अजून होते.

खंडूआबा सगळ्यात शेवटी बोलले. डोंगरावर त्यांनी मेंढरं सुखरूप ठेवली होती, रात्री परत आले होते, घरातला चिखल त्यांनी मुकाट्यानं काढला होता. पारावर ते बायकोकडे न बघता म्हणाले, "हिच्या हातानं लक्षुमी गेली. मी काय बोलू?" ठकूबाईंनी पदर डोक्यावर ओढला. मला वाटलं होतं त्या तरी बोलतील. पण त्यांना तिथंच राहायचं होतं.

पंचनाम्याला माणूस मात्र खरोखरच आला. एक खुराडं, एक वाघूर, भिजलेली बाजरी असं त्यानं लिहून घेतलं. कारण काय लिहू, म्हणून विचारलं. मी म्हटलं, "पोती." त्यानं लिहिलं, अतिवृष्टी. मी त्याला चहासुद्धा विचारला नाही.

निघताना मुग्धा आणि दत्ता न्यायला आले होते. दत्ता आईच्या पाया पडला आणि जरा जास्तच वेळ वाकून राहिला. ठकूबाईंनी माझी ओटी भरली. मी त्यांना म्हटलं, मुलाकडे पुंडलिकनगरला चला. त्या म्हणाल्या, "मेंढरं कुटं बांधू, तुमच्या गॅलरीत?" मला हसू आलं आणि मग फार राग आला.

राजापूरला येऊन मी तिथल्या सरकारी कचेरीला बांधाबद्दल दोन अर्ज पाठवले. बांधाचं चित्रसुद्धा काढून दिलं, खोलगट जागेवर लाल शाईनं खूण केली. उत्तर नाही. परवा दुकानात गर्दी असताना ठकूबाईंचा फोन आला. आधी मेंढरांचं, पायाचं, मुग्धाचं बोलणं झालं. मग म्हणाल्या, "ईनबाई, सांडव्यावर आता शिमिटाची भिंत बांधायलेत. पोत्याइतकीच उंच. मंजूर झाली."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. "भिंत? का?"

"कुनाच्या इळ्यानं निघू नाय म्हनून. ह्येबी जात्यात कामावर. मी बी दोन दिस पाट्या उचलल्या. नाय म्हनाया तोंड कुटं हाय मला?"

समोर गिऱ्हाईक गुळाची ढेप घेऊन उभं होतं. मी त्याला हातानं थांब म्हटलं. "आणि तुम्ही? तुम्ही आता राहता कुठं?"

"कुटं ऱ्हानार," ठकूबाई म्हणाल्या. "हितंच की. खाली."